दोन वाड्या

बी.कॉम. झालेल्या माणसाला साहित्यातलं काही कळत नाही, असा आमच्या गल्लीत एक समज आहे. तो साफ चूक आहे. नवं कॅलेंडर घरात आलं की आई त्यात एकादश्या बघते, सौ. दुधाचा हिशेब कुठं लिहायचा ती जागा बघते आणि मी लाल आकडे वाचतो. लाल आकडा एकटा असला तर ती लघुकथा, दोन लागून आले तर दीर्घकथा आणि तीन ओळीनं आले तर कादंबरी. बँकेतल्या माणसाच्या वाट्याला कादंबरी वर्षातून एखादीच येते. ती तो जन्मभर विसरत नाही.

आता नाताळाचंच घ्या. सप्टेंबर २०१५ पासून आम्हांला महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळू लागली. तेव्हापासून पंचवीस डिसेंबर कोणत्या वारी पडतो यावर आमचं सुखदुःख ठरू लागलं. २०२० साली नाताळ शुक्रवारी आला. पाठोपाठ चौथा शनिवार, त्यापाठोपाठ रविवार. पण त्या वर्षी माणसं घराबाहेर पडतच नव्हती. कादंबरी हाती आली आणि दिवे गेले, तशातला प्रकार. २०२१ साली पंचवीस तारीख शनिवारी आली, आणि शनिवारही चौथा! एका दगडात दोन सुट्ट्या ठार. २०२२ साली ती रविवारी आली. त्या दिवशी मी कॅलेंडर उलटं टांगून ठेवलं होतं.

आणि मग आलं २०२३. तेवीसला चौथा शनिवार, चोवीसला रविवार, पंचवीसला सोमवार. मी जानेवारीतच त्या तीन आकड्यांभोवती पेन्सिलीनं गोल काढला. सौ.नं विचारलं, "काय आहे हो तेव्हा?" मी म्हणालो, "नाताळ." ती म्हणाली, "आपल्याकडं कधीपासून?"

प्रश्न बरोबर होता. कोल्हापुरात नाताळ नाही असं नाही. अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ साली इथं आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे. त्याच्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. पण आपल्या गावात जे असतं त्याच्यावरून माणूस नुसता जातो, आत जात नाही. आत जायला परगावच लागतं.

बरं, नाताळात कोल्हापुरात थांबायचीही सोय नाही. त्या दिवसांत कोल्हापूर हे कोल्हापूरकरांचं राहत नाही. मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, अंबाबाईची रांग वाढते, रंकाळ्यावर बसायला जागा उरत नाही आणि तांबडा-पांढरा मिळणाऱ्या प्रत्येक दारात माणसं नंबर लावून उभी असतात. एकदा तर एका पाहुण्यानं मलाच अडवून विचारलं, "इथं चांगलं जेवण कुठं मिळतं हो?" मी अभिमानानं म्हणालो, "घरी." तो चालायला लागला. माझ्याबरोबर. माझ्या घराकडं.

तात्पर्य, बाहेर पडायचं ठरलं. कुठं ते कन्येनं ठरवलं. कन्या बारावीला. पुढच्या वर्षी ती पुण्याला जाणार, मग आमच्याबरोबर कुठं येणार, हे वाक्य घरात रोज एकदा म्हटलं जात होतं आणि त्या वाक्यापुढं माझं काही चालत नव्हतं. ती म्हणाली, "गोवा." मी फोनवर चौकशी केली. खोलीचं भाडं ऐकून मी विचारलं, "हे महिन्याचं का?" पलीकडच्या माणसानं फोन आपटला नाही. तो नुसता हसला. त्यापेक्षा आपटला असता तर बरं.

अशा वेळी आमचे हेड कॅशियर धावून आले. हे गृहस्थ तरुणपणी तीन वर्षं सावंतवाडीला होते आणि त्या तीन वर्षांच्या व्याजावर आजवर जगताहेत. तिथलं तळं, तिथली माणसं, तिथलं माशांचं जेवण, यांतलं काही निघालं नाही असा दिवस जात नाही. ते म्हणाले, "गोव्याला कशाला जाता? सावंतवाडीला जावा की. तिथनं गोवा हाकेच्या अंतरावर. माझ्या ओळखीच्या एक आंटी आहेत, वरची खोली देतात. नाताळात चर्च असं सजवतात म्हणता!"

मी कॉमर्सचा माणूस. मी लगेच तिकिटाचा हिशेब मांडला. एस.टी.नं ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट केला होता. आई अठ्ठ्याहत्तर, म्हणजे शून्य. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झालं होतं. सौ. आणि कन्या मिळून एक. चार माणसं आणि तिकिटं दोन! मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. म्हणजे बांदा ओलांडलं की सौ. पूर्ण होते. "तेव्हा हद्दीच्या अलीकडंच थांबलेलं बरं," मी म्हणालो. सौ. म्हणाली, "माणसं समुद्र बघून थांबतात, तुम्ही सवलत बघून थांबा." पण सावंतवाडी ठरली.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ झाला तो पुढं, आणि तो मीच केला.

बाविसाव्या तारखेला, शुक्रवारी, आमच्या मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. तीन दिवस बँक बंद, एटीएमकडं लक्ष द्यायला कुणीतरी गावात हवं. असं बोलताना साहेब सगळ्यांकडं बघतात, पण त्यांची नजर दमून शेवटी माझ्यावर येऊन बसते. मी घाईघाईनं म्हणालो, "साहेब, मी उद्या वाडीला चाललोय."

वाचकहो, सावंतवाडीचे लोक सावंतवाडीला 'वाडी'च म्हणतात. हेड कॅशियर तर तीस वर्षं तसंच म्हणत आलेत. त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून माझ्याही तोंडात तेच बसलं. पण कोल्हापूर-सांगलीकडं 'वाडी' म्हटलं की जगात एकच वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची, दत्ताच्या पादुकांची, नरसोबाची वाडी. त्यात मंगळवारी, सव्वीसला, दत्तजयंती. साहेब सांगलीचे. त्यांनी बसल्या जागी हात जोडले. म्हणाले, "जावा, जावा. देवाच्या कामाला मी नाही कसं म्हणू?" आणि खिशातून शंभराची नोट आणि एक रुपया काढून पाकिटात घालून माझ्या हाती दिला. "माझ्या नावानं पेटीत टाका. आणि येताना कवठाची बर्फी आणा."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण शेजारी उभा असलेला शिपाई म्हणाला, "मग एटीएमकडं कोण बघणार?" आणि मी तोंड मिटलं. एकशे एक रुपये शर्टाच्या वरच्या खिशात ठेवले. बँकेत ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. माझा वरचा खिसा त्या दिवसापासून सस्पेन्स खातं झाला.

संध्याकाळी घरी आलो. आईला जरा कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं म्हणालो, "आई, उद्या वाडीला जायचंय सगळ्यांनी. पिशवी भर."

आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघूनच मला कळायला हवं होतं.

वडील होते तोवर दर दत्तजयंतीला आई-वडील वाडीला जात. वडील गेल्यावर आई शेजारच्या काकूंबरोबर जाऊ लागली. मी दर वर्षी म्हणायचो, "पुढच्या वर्षी मी नेतो." आणि दर वर्षी माझं पुढचं वर्ष पुढं जायचं. थकलेल्या कर्जासारखं. आईनं तगादा कधी लावला नाही. सगळ्यात अवघड कर्ज तेच असतं.

आई म्हणाली, "बरं केलंस. दत्तजयंतीची गर्दी व्हायच्या आत दर्शन होईल." आणि मी काही बोलायच्या आत ती बाहेर गेली. पाच मिनिटांत शेजारच्या काकूंना, त्यांच्या सुनेला आणि दळणाच्या गिरणीवाल्याला कळलं, की यंदा मुलगा स्वतः वाडीला नेतोय. सौ. माझ्याकडं बघत होती. "अहो, सांगा त्यांना." मी म्हणालो, "सांगतो की. गाडीत."

गाडीतही सांगितलं नाही. बस लागू नये म्हणून आई गोळी घेते आणि गोळी घेतली की झोपते. गाडी राधानगरीच्या बाजूनं निघाली. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण गेलं, दाजीपूरचं जंगल आलं. कन्या खिडकीतून गवा शोधत होती. मी आई कधी उठते ते बघत होतो. फोंडा घाट सुरू झाला, पहिल्याच वळणावर आईची मान माझ्या खांद्यावरून निघाली. तिनं डोळे उघडले. खाली दरी, वर झाडी, समोर वळण.

"शिरोळ गेलं?" आईनं विचारलं.

"शिरोळ... शिरोळ या रस्त्याला नाही, आई."

"वाडीच्या वाटेला घाट कधी झाला?"

मग सांगितलं. घाट उतरेपर्यंत सांगत होतो. कंडक्टर, ड्रायव्हर आणि पुढच्या सीटवरचे दोन मास्तर, सगळ्यांना आमच्या घरची गोष्ट कळली. आई रागावली नाही. रागावली असती तर मी हात जोडून मोकळा झालो असतो. ती फक्त म्हणाली, "देवाचा नारळ घेतलाय पिशवीत. त्याचं काय करायचं तेवढं सांग."

कोकणात नारळ घेऊन जाणारा इतिहासातला पहिला माणूस मी.

सावंतवाडी गाव म्हणजे एका तळ्याभोवती बसलेली माणसं. मोती तलाव मधोमध, एका अंगाला राजवाडा, दुसऱ्या अंगाला बाजार. दुपारी एक वाजला की बाजार दार ओढून घेतो आणि चारपर्यंत झोपतो. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी झोपतो. इतका स्वच्छ लंच टाइम मी बँकेतसुद्धा पाहिला नाही. आम्ही निदान अपराधी तोंड करून डबा उघडतो. इथं अपराधी तोंड गिऱ्हाइकाचं असतं.

आंटींचं घर चर्चच्या बाजूला, एका आळीत. कौलारू, पुढं पडवी, पडवीत कागदी चांदणी टांगलेली. चांदणी आमच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण. आंटी सत्तरीच्या. झगा घातलेल्या, पण बोलायला लागल्या की अस्सल मालवणी. "येवा, येवा. जिन्यार बघून, मांजर आसा." दोघे मुलगे कुवेतला. एक नाताळाला यायचा होता, विमानाचं तिकीट परवडलं नाही म्हणून आला नाही. ते त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं, पुन्हा कुणी विचारू नये म्हणून.

पहिल्या दिवशी आई खोलीत बसून राहिली. आम्ही तळ्याकाठी गेलो. मला गंमत वाटेना. सोलकढी आली तर मी म्हणालो, "पांढरा रस्सा गुलाबी का?" कुणी हसलं नाही. एरवी या विनोदाला सौ. निदान 'पुरे' तरी म्हणाली असती. मुलीनं तळ्याचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. मैत्रिणींनी विचारलं, "कुठं आहेस?" हिनं कळवलं, "वाडीला." उलट टपाली हात जोडल्याची चित्रं आली. एकीनं तर प्रसाद आण म्हणून लिहिलं. "बाबा," कन्या म्हणाली, "हे तुमच्यामुळं."

रविवारी सकाळी आई बाहेर पडली. चितार आळीत गेलो. लाकडी खेळण्यांची ही जुनी आळी. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं करतात आणि रंगवतात. केळी, पेरू, आंबे, सीताफळ, अशी की माशी फसावी. आईनं एक सीताफळ उचललं, अंगठ्यानं दाबून बघितलं, पिकलंय का. दुकानदार म्हणाला, "रोजचा एक तरी दाबतोच." आईच्या तोंडावर हसू यायला लागलं. तेवढ्यात तिला मी दिसलो.

मग दुकानदारानं गंजिफा दाखवली. गोल पानं, हातानं रंगवलेली. दशावतारी गंजिफाचा डाव एकशे वीस पानांचा, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. ही कला मरू घातली होती. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या जाणत्या कारागिराकडून ती शिकवून घेतली आणि राजवाड्यातच पुन्हा उभी केली. हे ऐकताना माझी बोटं सवयीनं पानं मोजत होती. शंभराच्या पुडीत वीस जास्त निघाले की कॅशियरच्या पोटात गोळा येतो. आईनं मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळी पानं नीट बघितली, खाली ठेवली आणि म्हणाली, "यात दत्त नाही."

दुपारी मी पडवीत पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. आत आंटी नाताळाचं करत होत्या. दोदोल आदल्या दिवशीच झालं होतं, गूळ आणि नारळाचा वास घरभर होता. आता नेवऱ्या चालल्या होत्या. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी. ती नुसती पाणी प्यायला गेली होती. पण आंटी कड मुडपत होत्या आणि दर चौथ्या नेवरीची कड सुटत होती. हात कापत होते त्यांचे. आई एक बघितली, दोन बघितल्या. तिसरीला तिला राहवलं नाही.

"मुरड अशी घालायची की," आई म्हणाली आणि पदर खोचून बसली.

"आमी हेका नेवरी म्हणतंव," आंटी म्हणाल्या.

"आम्ही करंजी म्हणतो. कड सुटली तर दोन्हीकडं तेल खराबच."

पाऊण तास दोघी बोलत होत्या. एकीची मालवणी, एकीची कोल्हापुरी, आणि आईला कमी ऐकू येतं. पण कुणाचं काही अडलं नाही. मध्येच आंटी म्हणाल्या, की मुलगा येणार म्हणून पीठ जास्त भिजवलंय, आता खाणार कोण. थोडा वेळ लाटण्याचाच आवाज आला. मग आई म्हणाली, "तुमचा आलाच नाही. आमचा आला, तो चुकीच्या गावाला घेऊन आला."

दोघी खूप हसल्या. मी तोंडावरचा पेपर तसाच राहू दिला.

रात्री चर्चला जायचं होतं. आई म्हणाली, "मी कशी येऊ? ते तुमचं देऊळ." आंटी म्हणाल्या, "येवा ओ आई. देव काय तिकीट तपासता?" फुकट तिकिटाच्या बाईला हे पटलं.

दोन दिवसांवर पौर्णिमा होती. चांदणं असं, की चर्चवरच्या दिव्यांची माळ फिकी दिसत होती. इथल्या शाळेचं नाव मिलाग्रीस. मिलाग्रीस म्हणजे पोर्तुगीज भाषेत चमत्कार, हे मला तिथं कळलं. आपला 'नाताळ' शब्दही तिकडचाच. पाव, बटाटा आणि चावी ज्या गलबतातून आले त्याच गलबतातून उतरलेला. आत माणसं दाटीनं बसलेली. पोरं नव्या कपड्यांत आणि झोपेत. गाणी चालू झाली. मराठीतलं कळत होतं, कोंकणीतलं अर्धं कळत होतं. आईला ऐकू कमी, म्हणून ती नुसती बघत होती.

एका बाजूला गोठा केला होता. गवत, मातीची जनावरं, मध्ये बाळ. आई वाकून बराच वेळ बघत राहिली. मग माझा दंड धरून, कानाजवळ, पण तिच्या मतानं हळू आवाजात, म्हणजे चार बाकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गाय आहे. कुत्री तेवढी नाहीत." दत्ताच्या पायाशी चार असतात. मी दाराकडं बोट दाखवलं. गावचं एक कुत्रं उंबऱ्याशी गाढ झोपलं होतं. आईचं समाधान झालं. दोन दिवसांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

तेवढ्यात दानाची पिशवी फिरत आली. अलीकडं माझ्या खिशात फोन असतो, पैसे नसतात. पिशवीवाला समोर थांबला. मागचे लोक थांबले. मी पँटचे खिसे चाचपले, रुमाल निघाला. वरच्या खिशात हात घातला, तर साहेबांचं पाकीट हातात आलं. मी ते परत ठेवणार, एवढ्यात आईनं कोपरखळी मारली. "घाल की! माणूस किती वेळ उभा राहील?"

घातलं. एकशे एक रुपये, सांगलीच्या दत्तभक्ताच्या नावचे, सावंतवाडीच्या चर्चमध्ये जमा. बँकेत चुकीच्या खात्यात पैसे पडले तर उलटी नोंद करून परत आणता येतात. इथं ती सोय नव्हती. बाहेर आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इथंही पाळणा, तिथंही पाळणा. पोचायचे तिथं पोचले." हे तत्त्वज्ञान म्हणून ठीक आहे, पण ऑडिटला चालत नाही.

सोमवारी दुपारच्या गाडीनं परत निघालो. आंटींनी नेवऱ्यांचा डबा दिला. आईनं तिचं लाकडी सीताफळ त्यांना द्यायला काढलं. आंटी म्हणाल्या, "माका कित्याक? आमच्या दारात झाडार आसत." तरी ठेवून घेतलं. नारळ मात्र आईनं पिशवीतच ठेवला. गाडी घाट चढून वर आली, राधानगरी गेली, कोल्हापूरचे दिवे दिसायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "उद्या दत्तजन्म. संध्याकाळी असतो. तुझी बँक असेल." प्रश्न नव्हता तो. काकूंबरोबर जायची तयारी ती मनात करत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "काकूंना काय सांगायचं, कुठं गेलो होतो ते?"

मंगळवारी तीन दिवसांच्या सुट्टीनंतर बँकेत जत्रा होती. मी काउंटरवर न जाता केबिनमध्ये गेलो.

"साहेब, आज रजा हवी."

"आज? कशाला?"

"वाडीला जायचंय."

साहेबांनी चष्मा काढला. "शनिवारी वाडीलाच गेला होता ना तुम्ही?"

"ती वेगळी वाडी, साहेब."

"वाड्या किती आहेत?"

सांगितलं सगळं. फोंडा घाटात आईला सांगितलं होतं त्यापेक्षा वाईट वाटत होतं. आई निदान माझी सी.आर. लिहीत नाही. साहेब ऐकून घेत होते. काचेबाहेर लोक खिडकीशी आरडाओरडा करत होते.

"आणि माझे एकशे एक?"

"चर्चमध्ये पडले, साहेब."

"पावती?"

"तिथं देत नाहीत."

साहेब बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत बसले. मग म्हणाले, "माझा जन्म मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातला. ते वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली सुरू केलेलं. दिवस पुरे व्हायच्या आत झालो होतो म्हणे. आई अजून सांगते." थोडं थांबले. "म्हणजे जुनी बाकीच वळती झाली म्हणायची."

खिशातून त्यांनी पुन्हा एकशे एक रुपये काढले. "हे घ्या. आणि बाराला निघा. तुमच्या काउंटरला हेड कॅशियरांना बसवतो, सगळ्याचं मूळ तेच आहेत. रजेचा अर्ज लिहा. कारण लिहा, 'वाडीला जाणे'." मी दारापर्यंत गेल्यावर हाक मारली, "आणि कंसात कुठली वाडी ते लिहा!"

तीनला वाडीला पोचलो. खऱ्या. माणसांना मुंगीला वाट नाही अशी गर्दी. रांग घाटाच्या पायऱ्यांपर्यंत आलेली. आईच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ. फोंडा घाट दोनदा उतरून-चढून, सबंध कोकण बघून आलेला. पाळण्याची वेळ झाली, दोरी धरायला कुणालाही जागा नव्हती, आम्हांला तर पाळणा दिसलाही नाही. समोरच्याच्या मानेवरून फक्त गुलाल उडालेला दिसला. आईनं लांबूनच हात जोडले. मी साहेबांचं पाकीट पेटीत टाकलं आणि सस्पेन्स खातं बंद केलं.

बाहेर बर्फीच्या दुकानाशी आईला तिच्या दर वर्षीच्या ओळखीची एक बाई भेटली. त्या म्हणाल्या, "अगंबाई, यंदा कोण बरोबर?"

"मुलगा," आई म्हणाली. "रजा काढून आलाय." आणि मग माझ्याकडं बघून, तिच्या त्या हळू आवाजात, म्हणजे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाली, "यंदा दोन वाड्या घडवल्या त्यानं मला. एकीचा घाट लई अवघड होता."

मी कवठाची बर्फी अर्धा किलो जास्त घेतली. पाव किलो साहेबांना आणि पाव किलो कुरियरनं सावंतवाडीला. पत्त्यात मात्र पूर्ण नाव लिहिलं. नुसतं 'वाडी' लिहिलं असतं तर ती बर्फी माझ्या आधी इथंच परत आली असती.